आज्ञा आणि संज्ञा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. लेखरूप देताना काही पुनरुक्ती गाळली आहे.)



कार्यकारिणीने मला बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली होती. ज्याने उभा जन्म महाविद्यालयात संस्कृत व्याकरण शिकविण्यात घालविला, त्याने अशा प्रसंगी जयपुरातील मराठी माणसांचा इतिहास सांगावा, निदान कालिदासावर तरी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र संगणकाच्या भाषांविषयी बोलणार आहे. पहिल्या रांगेतील काही ज्येष्ठांच्या मुद्रेवर उमटलेली काळजी मला इथून दिसते आहे. त्यांनी धीर धरावा. व्याकरण आणि जयपूर ही दोन्ही वाटेत भेटतील.

ह्या विषयाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगतो. स्मरणिकेच्या कामासाठी गेले वर्षभर आमची समिती दर रविवारी बसते. समितीत आपल्यातीलच एक सूनबाई आहेत. त्यांचे नाव घेऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. मुले शाळेत जाऊ लागल्यावर त्या वेबपाने तयार करण्याचे काम शिकल्या, आणि मंडळाचे संकेतस्थळ आज जे काही आहे ते त्यांच्याच हातचे आहे. एका रविवारी दोन तरुण अभियंते आले होते. बोलता बोलता त्यांतील एकजण सहज म्हणाला, "वहिनी, एचटीएमएल म्हणजे काही प्रोग्रामिंग नव्हे हं! त्यात नुसती लेबले लावायची असतात." सगळे हसले, वहिनीही हसल्या. पण पुढच्या आठवड्यात त्या नोकरीच्या अर्जाचा एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "काका, ह्यात एक रकाना आहे, 'अवगत असलेल्या प्रोग्रामिंग भाषा'. तिथे एचटीएमएल लिहू की नको? लिहिले तर ते खोटे ठरेल का?"

मी म्हणालो, "मला आठ दिवस द्या." आठ दिवसांचे आठ महिने झाले. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम शब्द पाहू. प्रोग्रामला मराठीने 'आज्ञावली' हा फार समर्पक शब्द घडविला आहे. आज्ञांची ओळ. यंत्राने प्रथम हे करावे, मग ते करावे, अमुक आढळल्यास तमुक करावे, आणि सारे संपेपर्यंत पुन्हा पुन्हा करीत राहावे. १९३६ साली ॲलन ट्यूरिंग ह्या तरुण इंग्रज गणितज्ञाने एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. घरे पाडलेली एक लांबच लांब पट्टी, एका वेळी एक घर वाचणारे, लिहिणारे व पुसणारे एक टोक, आणि 'हे दिसले तर ते कर' अशा स्वरूपाचे मूठभर नियम, एवढीच त्याची सामग्री. जे जे ठरावीक पायऱ्यांनी मोजता येण्याजोगे आहे ते ते एवढ्या सामग्रीवर मोजता येईल, असे त्याचे प्रतिपादन होते. ते आजवर कोणी खोडून काढलेले नाही. म्हणून एखाद्या भाषेला आज्ञावलीची भाषा म्हणावे की नाही हे ठरविताना जाणकार मंडळी बहुधा हेच विचारतात की, तिच्यात 'जर-तर' म्हणता येते का, आणि 'तोवर पुन्हा कर' म्हणता येते का?

एचटीएमएलमध्ये ह्यांपैकी काहीच म्हणता येत नाही. तिच्यात मजकुराच्या आधी व नंतर कोनी कंसांत खुणा घालावयाच्या असतात. 'येथे शीर्षक सुरू झाले', 'येथे संपले'. 'येथे परिच्छेद सुरू झाला', 'येथे संपला'. 'हे चित्र', 'ही यादी', 'हा दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा'. तिच्या पानावर आपण 'दोन अधिक दोन' असे लिहिले तर ती 'दोन अधिक दोन' असेच दाखवील. चार म्हणणार नाही. इंग्रजीत अशा भाषांना मार्कअप भाषा म्हणतात. मी त्यांना खुणांच्या भाषा म्हणेन.

ह्यावर वहिनींच्या बाजूने असा युक्तिवाद करता येईल की, ह्या खुणा वाचून यंत्र काहीतरी करतेच ना? शीर्षक मोठे दाखविते, परिच्छेद वेगळा करते, दुव्यावर बोट ठेवताच दुसरे पान आणते. मग ही आज्ञाच झाली. हा युक्तिवाद मला प्रथमदर्शनी पटला होता, पण तो टिकत नाही. पाकिटावरचा पत्ता वाचून टपालवाला चालू लागतो, जिने चढतो, दार वाजवितो. पण पत्ता त्याला 'चाल' असे कुठेच सांगत नाही. पत्ता फक्त सांगतो की, हे पाकीट अमक्याचे, तो अमुक ठिकाणी राहतो. चालण्याचे ज्ञान टपालवाल्याचे आहे. त्याचप्रमाणे पान कसे दाखवावे ह्याच्या साऱ्या आज्ञा ब्राउझर नावाच्या आज्ञावलीत असतात, आणि ती लिहिणारे दुसरेच कोणी असतात.

तेव्हा त्या तरुण अभियंत्याचे विधान खरे होते, हे मी मान्य करतो. त्यातला 'नुसती' हा शब्द मात्र मला मान्य नाही.

तो का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जुन्या छापखान्यांत ज्यांनी खिळे जुळविताना पाहिले असतील त्यांना आठवेल की, हस्तलिखिताच्या समासात संपादक तांबड्या शाईने सूचना लिहीत असे: 'बारा पॉइंट काळा', 'मधोमध', 'एक ओळ सोडा'. हस्तलिखितावर अशा खुणा करण्यालाच इंग्रजीत मार्कअप म्हणत, आणि तोच शब्द पुढे संगणकात आला. लक्षात घ्या की ह्या साऱ्या आज्ञाच होत्या, आणि १९६० नंतरच्या दशकात संगणकावर मजकूर जुळविण्यास आरंभ झाला तेव्हाही ह्याच आज्ञा यंत्राला देत असत. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी ह्या तिघांनी ही रीत मोडली. गोल्डफार्ब हे मूळचे वकील, आणि काम होते कायद्याच्या कागदपत्रांचे. एकच दस्तऐवज छापावयाचाही होता, पुढे त्यात शोधाशोधही करावयाची होती. 'काळा, मधोमध' अशी आज्ञा दिली म्हणजे छापण्याचे काम भागते; पण हे शीर्षक आहे, की इशारा आहे, की पक्षकाराचे नाव आहे, हे यंत्राला कधीच कळत नाही. ह्या तिघांनी ठरविले की, मजकुरात आज्ञा लिहावयाच्याच नाहीत. वस्तू काय आहे एवढेच सांगावयाचे: हे शीर्षक, हे कलम, ही टीप. ते कसे दिसावे हा वेगळा प्रश्न, तो वेगळ्या ठिकाणी सोडवावा. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे जी, एम, एल. त्यावरूनच त्या भाषेचे नाव जीएमएल पडले. तिच्या पोटी आलेली एसजीएमएल १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि तिच्याच वळणावर टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळील सर्न ह्या प्रयोगशाळेत जी भाषा घडवून १९९१ साली जगापुढे ठेवली, तीच आपली एचटीएमएल.

ह्याचा अर्थ असा की, खुणांची भाषा ही आज्ञावलीची अर्धीकच्ची बहीण नव्हे. तिने आज्ञा करणे जाणूनबुजून सोडले आहे.

सीमेवरची उदाहरणे अर्थातच आहेत. डोनाल्ड क्नूथ ह्या अमेरिकन पंडिताने आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली, ती विद्रूप जुळणी त्याला बघवेना, म्हणून त्याने ग्रंथलेखन बाजूला ठेवून १९७८ साली अक्षरजुळणीची 'टेक्' नावाची भाषाच तयार केली. तिच्यात खुणाही आहेत आणि 'जर-तर'ही आहे. अशा वेळी वाद घालणाऱ्यांची चंगळ होते. पण सांजवेळ असते म्हणून दिवस आणि रात्र ह्यांतील भेद कोणी नाकारीत नाही.

आता मी माझ्या घरी येतो. वस्तू काय आहे हे सांगणारे वाक्य आणि काय करावे हे सांगणारे वाक्य ह्यांतील भेद आपल्या वैयाकरणांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच ओळखला होता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत, आणि परंपरेने त्यांचे संज्ञा, परिभाषा, विधी, नियम, अतिदेश आणि अधिकार असे सहा प्रकार मानले आहेत. विधिसूत्र आज्ञा करते: ह्याच्या जागी ते आण, हे लोपव, ते वाढव. संज्ञासूत्र काहीच करीत नाही. ते नुसते नाव ठेवते. आणि अष्टाध्यायीचे पहिले सूत्र कोणते? आ, ऐ, औ ह्या तीन स्वरांना 'वृद्धी' म्हणावे असे सांगणारे संज्ञासूत्र. एवढ्या प्रचंड यंत्राचा आरंभ पाणिनीने एका लेबलाने केला आहे, आणि त्याला 'हे काही व्याकरण नव्हे' असे म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही.

पाणिनीने ह्याहूनही सूक्ष्म काम केले आहे. आपण शाळेत 'कृ' धातू शिकतो. धातुपाठात तो 'डुकृञ्' असा येतो. त्यातील 'डु' आणि 'ञ्' ही उच्चारावयाची अक्षरेच नव्हेत. त्यांना 'इत्' किंवा अनुबंध म्हणतात. 'ञ्' ही खूण सांगते की ह्या धातूला परस्मैपद व आत्मनेपद दोन्ही आहेत. 'डु' ही खूण सांगते की ह्याला एक विशिष्ट प्रत्यय लागू शकतो, आणि त्यातूनच आपला 'कृत्रिम' हा शब्द सिद्ध होतो. प्रत्ययांनाही अशाच खुणा असतात. 'क्त' प्रत्ययातील 'क्' सांगतो की माझ्यापुढे धातूच्या स्वराला गुण होणार नाही. म्हणून 'कृ'चे 'कृत' होते. 'तृच्' प्रत्ययात ती खूण नाही. म्हणून त्याच 'कृ'चे 'कर्तृ' होते आणि आपल्याला 'कर्ता' मिळतो. काम झाले की खूण लोप पावते. शब्दात तिचा मागमूस उरत नाही. एचटीएमएलची खूणही पडद्यावर कधी दिसत नाही, तिचा परिणाम मात्र दिसतो. वहिनींनी मला त्यांच्या पानाचे आतले रूप प्रथम दाखविले तेव्हा मी नकळत उद्गारलो, "अहो, हे तर अनुबंध!" त्यांना काय कळावयाचे ते कळले असेल, मला मात्र त्या क्षणी एक परकी विद्या घरची वाटू लागली.

ह्या विचारात आपल्या जयपूरचाही वाटा आहे. १७२७ साली हे शहर वसविणाऱ्या सवाई जयसिंहांच्या पदरी सम्राट जगन्नाथ नावाचे पंडित होते. ते महाराष्ट्रीय होते असे परंपरा सांगते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली, ती 'रेखागणित' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. पंधरा अध्याय आणि चारशे अठ्ठ्याहत्तर सिद्धान्त. सिद्धान्ताला त्यांनी 'शकल' म्हटले आहे. तो अरबी 'शक्ल', म्हणजे आकृती. आकृत्यांच्या टोकांना त्यांनी आपल्या वर्णमालेच्या क्रमाने अ, आ, इ अशी नावे दिली नाहीत. अ, ब, ज, द हा अरबी क्रमच ठेवला. त्यामुळे पोथी कुठून आली हे त्या अक्षरांवरूनच कळते. (एका मराठी पंडिताने राजस्थानात बसून अरबी अक्षरक्रम संस्कृतात चालविला, हे मला आपल्या मंडळाच्या घटनेच्या पहिल्या पानावर छापावेसे वाटते, पण ते राहू द्या.) त्या ग्रंथातही आधी बिंदू म्हणजे काय, रेषा म्हणजे काय, वर्तुळ म्हणजे काय, हे सांगितले आहे, आणि मग पहिल्या शकलात 'दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढा' असे काम येते. वर्तुळ कशाला म्हणावे हे ठरले नसते तर कर्कटक फिरविणार कुठे?

दुसरे नाव नागोजी भट्टांचे, म्हणजेच नागेशभट्ट काळे ह्यांचे. ते काशीला राहत. जयसिंहांनी त्यांना यज्ञासाठी बोलाविले असता, काशी न सोडण्याचे व्रत असल्यामुळे ते आले नाहीत, अशी आख्यायिका आहे. ते आले असते तर आपल्या मंडळाला एक पूर्वज अधिक मिळाला असता. त्यांचा 'परिभाषेन्दुशेखर' हा ग्रंथ, सूत्रे कशी वाचावीत हे सांगणाऱ्या सूत्रांविषयी आहे. वेगळ्या शब्दांत सांगावयाचे तर त्यांनी सारे आयुष्य पोथीतल्या ब्राउझरचा अभ्यास केला.

परंतु पंडितांचे राहू द्या. आपण सारेच ही खुणांची भाषा जाणतो. आपल्या वडिलांचे पत्र आठवा. 'चि.' म्हटले की लिहिणारा मोठा आणि आपण लहान; 'ती.' म्हटले की मान वाकवावयाची. लग्नपत्रिकेतील 'चि. सौ. कां.' पाहून मुलगी कुठल्या उंबरठ्यावर उभी आहे ते कळते. ह्यांतील एकही अक्षर काय करा हे सांगत नाही. ते फक्त समोरचा माणूस कोण हे सांगते, आणि काय करावयाचे ते वाचणारा ओळखतो. ह्या खुणा निरागस असतात असे मात्र मी म्हणणार नाही. 'गं. भा.' ह्या दोन अक्षरांनी किती जणींना आयुष्यभर टोचले आहे, हे आपल्या आईमावश्यांना विचारावे. ह्या स्मरणिकेत आम्ही 'सौ.' आणि 'गं. भा.' दोन्ही वगळून सर्व भगिनींना 'श्रीमती' म्हटले आहे. त्यावर समितीत दोन रविवार वाद झाला. लेबल 'नुसते' असते तर तो झाला नसता.

आता स्मरणिकेकडे वळतो. तिची जुळणी शहरातील एका छापखान्यात चालू होती. पहिली मुद्रिते हातात आली आणि मला काहीतरी खटकू लागले. शुद्धलेखन ठीक होते, तरी पान आपले वाटेना. मग ध्यानात आले की, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले आहेत. हिंदीचा 'ल' उजवीकडच्या उभ्या दांड्याला टेकलेला असतो. आपला 'ल' दोन पाकळ्यांचा. आपल्या 'श'ला देठ असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली वर्णमालेविषयी जे निर्णय काढले त्यांतही पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच मराठीची प्रमाण रूपे सांगितली आहेत. मी छापखान्यातील जुळणी करणाऱ्या मुलाला हे सांगितले. तो नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, ल तो ल ही होता है।"

आणि यंत्राच्या दृष्टीने त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते! युनिकोड ह्या पद्धतीत जगातील प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तिच्यात आहे, आणि ती भारतीय मानकावरूनच घेतलेली आहे. पण हिंदी 'ल' आणि मराठी 'ल' ह्यांचा क्रमांक एकच. मग आपला 'ल' आणावा कसा? अक्षरे बदलून तो येणार नाही. त्यासाठी मजकुराला बाहेरून सांगावे लागते की, ही मराठी आहे. काही चांगल्या फाँटांत दोन्ही 'ल' शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि फाँट त्या खुणेची वाट पाहत असतो. वहिनी संगणकापुढे बसल्या. साऱ्या मजकुराची भाषा 'हिंदी' अशी नोंदलेली होती, तिथे त्यांनी 'मराठी' अशी नोंद केली. वेबपानावर हेच काम 'एमआर' ही दोन रोमन अक्षरे करतात. एकही अक्षर न बदलता दोनशे पानांवरचे सारे 'ल' एका क्षणात पाकळ्या उघडून उभे राहिले. त्या मुलाने माझ्याकडे पाहिले, आणि मी छताकडे पाहिले. डोळे भरून आल्याचे त्याला दिसू नये एवढाच हेतू.

ही केवळ शोभेची गोष्ट नाही. आपल्यातील ज्या वडीलधाऱ्यांची दृष्टी गेली आहे, त्यांना आता मोबाइल फोन वाचून दाखवितो. त्या वाचणाऱ्या यंत्राला पान मराठी आहे हे सांगितले नाही, तर ते हिंदी उच्चारांनी वाचू शकते, आपला दंततालव्य 'च' जाऊन आपला 'चोर' हिंदी 'चोर' होतो, आणि आजी म्हणतात, "हा कोण परका मनुष्य माझे पत्र वाचतो आहे?"

आता एक दुःखाची हकीकत. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघाली होती. तिच्या प्रती घरोघरी होत्या. पण बदल्या, घरबदल, रद्दीवाला आणि वाळवी ह्यांतून आम्हांला एकच प्रत सापडली, आणि तिचीही मधली पाने नाहीत. सुदैवाने मूळ मजकुराची तबकडी एका सभासदाच्या कपाटात निघाली. मोठ्या उत्साहाने ती उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निव्वळ काला! त्या काळी देवनागरी फाँट बहुधा असेच चालत. रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्र मात्र ते रोमनच समजे. तो फाँट गेला, आणि मजकुराचे मराठीपण त्याच्याबरोबर गेले. ह्यात छापखान्याचा दोष नाही; त्या वेळी सारेच तसे करीत. परंतु सर्न प्रयोगशाळेचे १९९१ सालचे पहिले वेबपान आजच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार वाचता येते, आणि आपल्या मंडळाचे त्यानंतर कित्येक वर्षांनी लिहिलेले पान वाचता येत नाही, हे मनाला लागते.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी प्रयत्न करते." ज्याने लेबलांची थट्टा केली होती तोच तरुण त्यांना पायथन ही भाषा शिकवावयास बसला, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण. दोघांनी मिळून आज्ञावली लिहिली. कुठल्या रोमन घरात कुठले मराठी अक्षर होते ह्याचा तक्ता त्यांनी त्या अर्धवट प्रतीशी ताडून बनविला. पण नुसता तक्ता पुरेना. जुन्या फाँटात ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टंकीत, कारण तो डावीकडे दिसतो. युनिकोडमध्ये तो नंतर यावा लागतो. रफाराचे उलट: पूर्वी तो अक्षराच्या नंतर येई, आता त्याचा 'र' आधी यावा लागतो. म्हणजे, इकार दिसला तर पुढचे व्यंजन पाहा, ते जोडाक्षर असेल तर त्याच्याही पुढे जा, आणि मग इकार तिथे ठेव. असे मजकूर संपेपर्यंत कर. हा अस्सल विधी! जमेपर्यंत सहा आठवडे गेले, आणि जमल्यावर सारा मजकूर चहा निवायच्या आत मराठी झाला. अर्जाच्या त्या रकान्यात आता काय लिहावे हा प्रश्न वहिनींना उरला नाही. एचटीएमएल त्यांनी त्या रकान्यात लिहिले नाही. त्याच्या वर, कोऱ्या जागेत, सुवाच्य अक्षरात लिहिले. ती सूचना माझी होती.

मजकूर मराठी झाला, तथापि काम संपले नाही. अक्षरे आली, पण सलग. शीर्षक कुठले, कविता कुठली, जाहिरात कुठे संपली आणि शोकसंदेश कुठे सुरू झाला, हे आज्ञावलीला सांगता येईना. जुन्या मजकुरात 'हे काय आहे' असे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. मग आम्ही म्हातारे बसलो. एकेक ओळ वाचून वहिनींना सांगत गेलो: हे अध्यक्षांचे मनोगत, ही पाककृती, ह्या दोन ओळी गणपतीच्या नाटकातील पात्रयोजनेच्या. ह्याला तीन महिने लागले.

सर्वांत अवघड ठरली संस्थापक सभासदांची यादी. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या यादीत प्रत्येक नावामागे 'श्री.' किंवा 'सौ.' आहे. नव्या स्मरणिकेत ती पुन्हा छापावयाची, तर त्यांतील कित्येक नावांमागे आता 'कै.' लिहावे लागणार. कोणाच्या मागे, हे कुठले यंत्र सांगणार? आम्ही आठवू लागलो. एका नावापाशी आम्हां तिघांचेही एकमत झाले. निवृत्तीनंतर ते नागपूरला गेले, आणि तिकडेच वारल्याचे कोणीतरी सांगितले होते. 'कै.' लिहिले. तरी मनाला रुखरुख म्हणून त्यांच्या चिरंजीवांचा क्रमांक मिळवून दूरध्वनी केला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोला!" तो त्यांचाच होता. ब्याण्णवाव्या वर्षी ते फोन स्वतः उचलतात. मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी मात्र मंडळातील तीन नावे घेऊन ती माणसे कशी आहेत असे विचारले, आणि त्या तीनही नावांची उत्तरे मला द्यावी लागली.

यादीतील अकरा नावे अजून तशीच आहेत. त्यांच्या मागे काय लिहावे हे आम्हांस ठाऊक नाही. जुन्या छायाचित्रांपैकीही काहींच्या खाली नावे नाहीत. सभागृहाबाहेर उजवीकडे एक टेबल मांडले आहे. तिथे वहिनी ती यादी, छायाचित्रे आणि दोन पेन्सिली घेऊन बसल्या आहेत. चहा घेण्यापूर्वी आपण तिकडे जावे, आणि ज्यांना जे ठाऊक असेल त्यांनी ते त्यांना सांगावे. चष्मा विसरलेल्यांसाठी एक जास्तीचा चष्माही ठेवला आहे.